तबकडीवर न कोरलेली नावे

धान बांध्यांतून खळ्यावर येते, भाऊबीज उलटते आणि वडसा-देसाईगंजच्या नाट्यकंपन्यांच्या गाड्या गावोगाव धावू लागतात. झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हा हंगाम. गडचिरोली, चंद्रपूरचा पूर्वभाग, भंडारा आणि गोंदिया या मुलखात रात्री उघडलेला नाटकाचा पडदा पहाटे पडतो आणि तोवर थंडीत घोंगड्या पांघरून बसलेला प्रेक्षक जागचा हलत नाही. या रंगभूमीवरील नटांची चर्चा चावडीवर वर्षभर चालते. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तिची दखल मुंबई-पुण्यालाही घ्यावी लागली. परंतु रंगमंचाच्या पुढ्यात ऑर्गनवर आणि तबल्यावर बसलेल्या माणसाकडे लक्ष जाते कोणाचे? नट वेळेवर आला नाही, तर तोच आणखी एक आवर्तन वाजवून जागा भरून काढतो. गाण्यास ‘वन्समोअर’ मिळाला, की तीच चाल दुसऱ्या वेळी किंचित वळवून घेतो. संवाद अंगावर येऊ लागला, की स्वर दबता ठेवतो. ठरविलेले नसते, लिहिलेले तर नसतेच. त्या रात्री सुचले ते त्या रात्रीपुरते.

या ‘सुचण्या’ला आपल्या संगीतशास्त्रात ‘उपज’ असा नेमका शब्द आहे. ज्या पाश्चात्त्य संगीताचा उपज हाच प्राण आहे, त्या जॅझची कहाणी झाडीपट्टीच्या वाचकास म्हणूनच अगदी परकी वाटू नये. जॅझ म्हणजे हॉटेलातला गोंगाट, हा आपल्याकडील जुना समज. वस्तुतः ते अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांनी निर्माण केलेले संगीत होय. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या आपल्याकडील बँडपथकात जी क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि ढोल ही वाद्ये दिसतात, तीच न्यू ऑर्लिन्स शहरातील कृष्णवर्णीयांच्या मिरवणुकांत आणि अंत्ययात्रांत वाजत होती. या संगीतात स्वरलिपीचे कागद असतात, पण ते आधारापुरते. खरे काम वादकाने वाजविता वाजविता करावयाचे असते. साहजिकच जे वाजले ते हवेत विरले. उरले ते एवढेच, जे कोणी तबकडीवर कोरून ठेवले. जॅझचा इतिहास हा म्हणून बव्हंशी ध्वनिमुद्रिकांचा इतिहास आहे, आणि जेथे तबकडी नाही तेथे केवळ आख्यायिका आहे.

अशा आख्यायिकेचा पहिला नायक बडी बोल्डेन. जन्म १८७७ चा. त्याचे कॉर्नेट मैलोन्‌मैल ऐकू जाई असे सांगत. त्याच्या मागून आलेल्या वादकांनी त्याला आद्य पुरुषाचा मान दिला. १९०७ साली त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली आणि तेथेच १९३१ साली तो वारला. तो कसा वाजवीत होता, हे आज कोणीही सांगू शकत नाही. त्याच्या वादनाचा एक मेणाचा सिलिंडर केला गेला होता अशी वदंता होती. तो कधीच सापडला नाही.

पहिली तबकडी आणि तिचा धनी

जॅझची म्हणून ओळखली जाणारी पहिली तबकडी २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली. वाजविणारे पाच जण न्यू ऑर्लिन्सचेच, मात्र सर्व गोरे. ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड’ हे त्यांच्या पथकाचे नाव. मूळचे, अस्सल, असा दावा नावातच केलेला! तबकडी अमाप खपली आणि त्या पथकातील कॉर्नेटवादक निक लारोक्का पुढे जन्मभर जॅझचा जनक आपणच असल्याचे सांगत राहिला. ज्यांच्याकडून तो हे संगीत शिकला, त्या काळ्या वादकांची तबकडी तेव्हा बाजारात नव्हती, त्यामुळे दाव्याला उत्तर द्यावयाचे तरी कशाच्या बळावर? फ्रेडी केपार्ड या कृष्णवर्णीय वादकाला ही संधी आधी चालून आली होती, पण आपली करामत लोक चोरतील या भयाने त्याने ती नाकारली, अशी एक गोष्ट सांगतात. बोटे दिसू नयेत म्हणून तो हातावर रुमाल टाकून वाजवी असेही म्हणतात. आपल्याकडे चीजा लपवून ठेवणाऱ्या खाँसाहेबांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिचे तात्पर्य केपार्डला महाग पडले.

किंग ऑलिव्हरच्या पथकाची पाळी आली ती एप्रिल १९२३ मध्ये, इंडियाना राज्यातील रिचमंड गावी. तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यापुढे सर्वांनी उभे राहून वाजवायचे आणि त्या ध्वनीच्या धक्क्याने सुईने मेणावर रेघ ओढायची. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांना लागून होता. गाडी आली की काम थांबे. पथकात एकविशीचा एक कॉर्नेटवादक होता. त्याचा स्वर इतका भरदार की तो इतरांना झाकून टाकी, म्हणून त्याला बरेच मागे उभे केले, अशी आठवण त्याच पथकात पियानो वाजविणाऱ्या लिल हार्डिनने पुढे सांगितली. हा तरुण म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. याच कंपनीच्या यंत्रावर त्या काळात कू क्लक्स क्लॅन या काळ्यांच्या कट्टर वैरी संघटनेच्या तबकड्याही छापून निघत होत्या. व्यापाराला रंग नसतो, तो असा.

आर्मस्ट्राँगने १९२५ च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोत ‘हॉट फाइव्ह’ या नावाने स्वतःच्या तबकड्या करण्यास प्रारंभ केला आणि जॅझचे रूपच पालटले. तोवर हे संगीत साऱ्या पथकाचे, एकमेकांत गुंफलेले होते. त्यात एकट्या वादकाची बढत ही कल्पना या तबकड्यांनी रुजविली. २८ जून १९२८ ची ‘वेस्ट एंड ब्लूज’ आजही आवर्जून ऐकावी. प्रारंभी कोणाचीही साथ नाही. ट्रंपेट एकटेच उठते, वर चढते, वळसे घेत खाली उतरते, आणि मग सारे पथक येऊन मिळते. एखाद्या गवयाने पहिल्या आलापातच मैफल ताब्यात घ्यावी तसा हा प्रकार. गत मूळ किंग ऑलिव्हरची. शिष्याने गुरूच्याच चीजेवर गुरूला मागे टाकले.

हे सारे तीन-सव्वातीन मिनिटांत. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीत याहून अधिक मावत नसे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तासाभराचा पसारा आवरून एवढ्याच अवकाशात राग उभा केला, ते ज्या पिढीने फोनोग्राफपाशी कान लावून ऐकले, तिला या बंधनाचे मोल ठाऊक होते. कोलमन हॉकिन्स या सॅक्सोफोनवादकाने ११ ऑक्टोबर १९३९ रोजी ‘बॉडी अँड सोल’ हे त्या वेळचे लोकप्रिय गीत वाजविले, तेव्हा मूळ चाल त्याने आरंभीच्या काही मात्रांतच सोडून दिली. स्थायीचा मुखडा दाखवावा आणि मग केवळ विस्तारच करावा, तसे. लोकांना गाण्याची चाल हवी असते असे कंपन्या मानीत. ही तबकडी मात्र तडाखेबंद खपली.

विद्यार्थ्याचे यंत्र

पुढचा टप्पा मात्र तबकडीवर यावयाचा तो हुकला. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. कारण रास्त होते. तबकडी एकदा वाजवून घ्यावयाची आणि ती रेडिओवर व उपाहारगृहांतून हजारदा वाजवावयाची, मग वादकाच्या पोटाचे काय? प्रमुख कंपन्यांनी हार मानली ती थेट नोव्हेंबर १९४४ मध्ये. दुर्दैव असे, की नेमक्या याच दोन-सव्वादोन वर्षांत चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी आणि त्यांचे सोबती जॅझची भाषा बदलीत होते. त्या प्रयोगांचा मधला भाग त्यामुळे इतिहासाला जवळजवळ ऐकूच आला नाही. पार्करची ‘को-को’ नोव्हेंबर १९४५ मध्ये मुद्रित झाली, तेव्हा सर्वसामान्य श्रोत्याला ती आकाशातून पडल्यासारखी वाटली.

या नव्या भाषेची पहिली अक्षरे थोडीफार वाचली ती एका विद्यार्थ्यामुळे. कोलंबिया विद्यापीठात शिकणारा जेरी न्यूमन तबकडी कोरण्याचे आपले यंत्र उचलून न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील ‘मिंटन्स’ या क्लबात जाई. तेथे रात्रीची नोकरी संपवून वादक स्वतःच्या हौसेखातर वाजवीत. १९४१ च्या मे महिन्यात त्याने चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाला मुद्रित केले. ख्रिश्चन तेव्हा बेनी गुडमनच्या नामांकित वाद्यवृंदात होता. तेथील तबकड्यांवर त्याच्या वाट्याला काही क्षण येत. न्यूमनच्या तबकड्यांवर तो अडवणूक नसलेल्या वाटेवरून चालावा तसा आवर्तनामागून आवर्तने वाजवीत राहतो. पुढच्याच वर्षी, मार्च १९४२ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी क्षयाने त्याचा अंत झाला. न्यूमन घरी बसून परीक्षेचा अभ्यास करीत राहिला असता, तर हा ख्रिश्चन जगाला ठाऊकच झाला नसता. त्या मुद्रणात पेल्यांचा आवाज आहे, लोकांची कुजबूज आहे, तांत्रिकदृष्ट्या ते सदोष आहे. तरी ते अमोल ठरले.

सदोष नसलेल्या, किंबहुना सर्वांगसुंदर मुद्रणांतही नावाचा प्रश्न सुटत नाही, याचे उदाहरण १९५९ सालचे. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवसांत न्यूयॉर्कमधील एका जुन्या चर्चच्या वास्तूत मुद्रित झाली. दीर्घ वादनाच्या तबकडीचा काळ आला होता, तीन मिनिटांचा फास सुटला होता. डेव्हिसने साथीदारांना केवळ आराखडे दिले. भराभर बदलणाऱ्या स्वरसंघातांच्या जाळ्याऐवजी एकेक स्वरपट्टी धरून शांतपणे वाजवावे अशी कल्पना. भारतीय कानाला ती चटकन उमगते, कारण पहिल्याच ‘सो व्हॉट’ या गतीची स्वरपट्टी आपल्या काफी थाटाशी जुळते. कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. जॉन कोल्ट्रेन हा सॅक्सोफोनवादक तेथून पुढे निघाला तो रागसंगीताच्या दारापर्यंत आला. १९६१ साली त्याने वाजविलेल्या एका रचनेचे नावच ‘इंडिया’ असून पुढे मुलाचे नाव त्याने रविशंकरांवरून ठेवले. पण याच ‘काइंड ऑफ ब्लू’मधील ‘ब्लू इन ग्रीन’ ही रचना आपली असल्याचे पियानोवादक बिल इव्हान्स सांगत राहिला. तबकडीवर श्रेय छापले गेले डेव्हिसचे. जगातील सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या जॅझ तबकडीची ही अवस्था.

ताजमहाल हॉटेलातून चित्रपटात

मुंबईत अस्सल जॅझ आले ते १९३५ च्या अखेरीस, लिऑन ॲबे या कृष्णवर्णीय वादकाच्या पथकाबरोबर. ताजमहाल हॉटेलात साहेब आणि संस्थानिक त्याच्या तालावर नाचले. मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड हा शिकागोत नाव कमावलेला पियानोवादक. युद्धकाळात तो कलकत्त्यात वाजवीत होता, तेथेच त्याने तबकड्याही केल्या आणि एप्रिल १९४५ मध्ये पटकीने तेथेच वारला. या परदेशी गुरूंच्या पथकांतून आणि आयात तबकड्यांवरून जे शिकले, त्यांत गोव्याचे ख्रिस्ती तरुण पुढे होते. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकविली जात असे. गोव्यात पोट भरण्यासारखे फारसे काही नव्हते. ही मुले वाद्याची पेटी घेऊन मुंबईस येत.

त्यांपैकी एक बारदेशातील हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा. मुंबईने त्याला ‘चिक चॉकलेट’ हे नाव दिले. तो आर्मस्ट्राँगप्रमाणे ट्रंपेट वाजवी, त्याच्यासारखाच घोगऱ्या आवाजात गाई आणि भारताचा आर्मस्ट्राँग म्हणवला जाई. स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, संस्थानिकांचे तनखे उरले आणि मुंबई राज्यात दारूबंदी आली. दारूबंदीने काय काय बदलते, हे १९९३ पासून ती अनुभवणाऱ्या गडचिरोलीकरांस सांगावयास नको. मौज अशी, की अमेरिकेतील दारूबंदीने शिकागोच्या चोरट्या अड्ड्यांतून जॅझ पोसले, तर मुंबईतील दारूबंदीने त्याची हॉटेलातील मिळकत आटविली. वादकांनी मग चित्रपटांच्या स्टुडिओची वाट धरली.

तेथे त्यांची गाठ पडली रामचंद्र चितळकरांशी, म्हणजेच सी. रामचंद्र यांच्याशी. जन्म नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा, संगीताचे धडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गिरविलेले. म्हणजे विदर्भाचाही या कथेत वाटा आहे. त्यांच्या कानाला रागदारी जितकी प्रिय, तितकाच विलायती ठेकाही. ‘शहनाई’ (१९४७) व ‘समाधी’ (१९५०) यांतून तो डोकावला आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तो उघडपणे नाचू लागला. चित्रपटाचे नायक-दिग्दर्शक भगवानदादा पालव हे गिरणी कामगाराचे पुत्र. चिक चॉकलेट या चित्रपटात सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते. एवढेच नव्हे, तर त्यातील एका गाण्यात ते आपल्या पथकासह झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. लाखो लोकांनी त्यांना पाहिले. ते कोण, हे किती जणांस ठाऊक होते?

संगीतकार पेटीवर चाल सांगे. ती सरगमीत असे. ती ऐकून तिच्यासाठी व्हायोलिनांचा ताफा, ट्रंपेटची साद, सॅक्सोफोनची तान, कडव्यांमधील जागा भरणारे तुकडे हे सारे कागदावर उतरवून वादकांपुढे ठेवणारा माणूस बहुधा गोव्याचा असे. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबास्टियन डिसोझा यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. १९५७ च्या ‘आशा’तील ‘ईना मीना डीका’ या अफलातून गीतात कोकणी शब्द शिरले ते जॉन गोम्स या गोमंतकीय साहाय्यकामुळे, असे सांगतात. चाल संगीतकाराची, हे निर्विवाद, सी. रामचंद्रांची प्रतिभा उसनी नव्हती. ‘अनारकली’च्या चाली आणि १९६३ च्या जानेवारीत दिल्लीत लताबाईंनी गायिलेले ‘ऐ मेरे वतन के लोगों’ देणाऱ्याला कोणाच्या कुबड्या नकोत. परंतु गाणे ओळखले जाते ते पुष्कळदा चालीच्या आधी वाजणाऱ्या दहा-वीस सेकंदांच्या वाद्यमेळावरून. तो वाजला की श्रोता मान डोलावतो. तबकडीवर मात्र चित्रपटाचे नाव, गायिकेचे नाव, संगीतकाराचे नाव एवढेच असे. ट्रंपेट कोणाचे, याला जागा नव्हती.

आकाशवाणीवर केसकरांच्या कारकीर्दीत चित्रगीतांना जवळपास मज्जाव झाला, तेव्हा ही गाणी रेडिओ सिलोनवरून विदर्भाच्या खेड्यांत पोहोचली. दिवाणखान्यातला एक रेडिओ आणि ओसरीवर अर्धी आळी. वरातीच्या बँडपथकांनी ती तत्काळ उचलली. अहेरी-आलापल्लीच्या वाटेवर एखाद्या लग्नात ट्रंपेटवाल्याने ‘अलबेला’ची चाल वाजविली असेल, तेव्हा न्यू ऑर्लिन्सचा स्वर शिकागो, ताजमहाल हॉटेल आणि दादरचे स्टुडिओ असा वळसा घेऊन सागवानाच्या जंगलात आला होता. वाजविणाऱ्यास याची वार्ता नव्हती.

चिक चॉकलेट १९६७ साली गेले. पुढल्याच वर्षी शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी निघाली. तीत रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आणि लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम्स एकत्र आले. गाणारे कोणी नाही. जे एरवी गायिकेच्या मागे असत ते पुढे आले. रागांच्या शुद्धतेविषयी जाणकारांनी नाक मुरडावे अशा जागा तीत आहेत, पण वादन जिवंत आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांचे नाव देशाच्या तोंडी बसले ते १९७७ साली अमिताभ बच्चनच्या गाण्यामुळे. शिष्याने गुरूला वाहिलेली ती दक्षिणा होती, पण ऐकणाऱ्यास वाटले, की हे पटकथेतले एक गमतीदार नाव. गुरुजी तेव्हा हयात होते. २०१२ साली गोव्यात त्यांचे निधन झाले.

या लोकांची नावे पुन्हा गोळा झाली ती फार उशिरा. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने वृद्ध वादकांच्या मुलाखती घेत स्टुडिओच्या पडद्यामागील जगावर २००८ साली पुस्तक लिहिले. नरेश फर्नांडिस यांचे मुंबईच्या जॅझवरील ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ २०१२ चे. तोपर्यंत कित्येक वादक निघून गेलेले होते. जे राहिले त्यांनी कोणते गाणे, कोणता तुकडा, कोणाच्या शेजारी बसून वाजविला हे स्मरणातून सांगितले. स्मरण पक्के नसते, दोघांच्या सांगण्यात मेळ बसत नाही. तबकडीच्या कागदी वर्तुळावर आणखी चार ओळी छापल्या असत्या, तर हा उपद्व्याप वाचला असता.

आता कोणाच्याही खिशात न्यूमनच्या यंत्राहून कैक पटींनी चांगले यंत्र आहे. वडशाहून निघालेली मंडळी आरमोरीला असो वा कुरखेड्याच्या एखाद्या टोल्यावर, नाटक रंगात आले की अंधारात भ्रमणध्वनींचे शेकडो पडदे उजळतात. सारे रंगमंचाकडे रोखलेले. नटाचे रडणे, खलनायकाचे हसणे आणि लावणीवालीची गिरकी टिपली जाते. त्यात ऑर्गनचा स्वर कोपऱ्यातून आल्यासारखा, पण ऐकू येतो. पहाट होते, नाटक सुटते. वादक ऑर्गनवर कापड टाकतात, पेट्या गाडीत चढवितात, चहाचा एक पेला घेतात. रात्री दुसऱ्या गावी प्रयोग असतो.